संशोधन मांडले, उत्तर कोण देणार?

औषधशास्त्राच्या परिषदांतून अलीकडे एक नवा वर्ग दिसू लागला आहे. सभागृहात मान्यवरांची भाषणे चालू असतात आणि बाहेरच्या दालनात ओळीने लावलेल्या भित्तिपत्रकांपाशी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलेमुली, कुणीतरी थांबून चार प्रश्न विचारील या अपेक्षेने उभी असतात. ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ म्हणजे फार्म.डी. या अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यातील हे प्रशिक्षणार्थी होत. रुग्णालयात राहून, रोग्याच्या खाटेशी जाऊन औषधाचा परिणाम पाहणे हे त्यांच्या शिक्षणाचे अंग आहे. औषध बनविणारा आणि औषध विकणारा आपल्याला चांगला परिचित आहे. पण औषध पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय झाले हे पाहण्याचे शिक्षण घेतलेला माणूस आपल्या समाजाला अद्याप नवा आहे.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली नियम करून हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. पाचव्या वर्षी दोन ते चार विद्यार्थ्यांच्या गटाने अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली सहा महिन्यांचा संशोधनप्रकल्प करावयाचा असतो आणि त्यासाठी नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते. सहावे वर्ष संपूर्णपणे रुग्णालयातील प्रशिक्षणाचे: सहा महिने सामान्य औषधोपचार विभागात आणि उरलेले सहा महिने अन्य तीन विभागांत. म्हणजे रोग्यांच्या केसपेपरांवरून आणि औषधांच्या नोंदींवरून काही निष्कर्ष काढण्याची संधी, आणि जबाबदारीही, या मुलांना नियमानेच दिलेली आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. सहा महिने खपून गोळा केलेली माहिती परिषदेत मांडली जाते, प्रमाणपत्र मिळते, भित्तिपत्रक गुंडाळले जाते, आणि ज्या रुग्णालयातून ती माहिती आली तेथील औषधांचे कपाट होते तसेच राहते. संशोधन मांडण्याची सक्ती विद्यार्थ्यावर आहे. ते ऐकून त्याला उत्तर देण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही. या व्यवस्थेतील खरी उणीव प्रस्तुत लेखकाच्या मते हीच आहे, आणि ती दूर करण्यास पालघर जिल्ह्याइतके योग्य ठिकाण शोधून सापडणार नाही.

एका जिल्ह्याची दोन टोके

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे मुख्यालय पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव येथे उभे राहिले आणि २०२१ पासून जिल्ह्याचा कारभार तेथील नव्या इमारतींतून चालू लागला. या कोळगावच्या एका अंगाला बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवले, आणि त्यानंतर देशात मूळ औषधद्रव्यांचा, ज्याला व्यवहारात बल्क ड्रग म्हणतात त्याचा, जो उद्योग फोफावला त्याचे तारापूर हे एक महत्त्वाचे ठाणे आहे. कोळगावच्या दुसऱ्या अंगाला घाट चढून गेले की जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके लागतात. तेथे औषध म्हणजे बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीतून मिळेल ते. मोखाड्याचा रोगी पुढील उपचारासाठी नाशिकला जातो. डहाणू-तलासरीचा रोगी वापी, वलसाड नाहीतर सिल्वासा गाठतो. त्याच्याबरोबर चिठ्ठी जाते, पण आधी कोणते औषध किती दिवस घेतले याची नीट नोंद क्वचितच जाते.

सुमारे तीस लाख वस्तीच्या आणि एकतृतीयांशाहून अधिक आदिवासी लोकसंख्येच्या या जिल्ह्यात औषध निर्माण करणाऱ्यांची वाण नाही आणि औषधाची गरज असणाऱ्यांचीही नाही. वाण आहे ती या दोहोंच्या मध्ये उभे राहून मोजमाप करणाऱ्याची. मलेरियाचेच उदाहरण घेऊ. वायव्हॅक्स जातीच्या मलेरियात यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विन देतात. परंतु ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव आहे, त्याला हेच औषध तांबड्या पेशी फोडून घातक ठरू शकते, आणि ही उणीव काही आदिवासी जमातींत अधिक आढळते हे वैद्यकाला ठाऊक आहे. मग या जिल्ह्यात प्रायमाक्विन देण्यापूर्वी किती रोग्यांची ती तपासणी होते? चौदा दिवसांचा क्रम किती जण पुरा करतात? मजुरीसाठी स्थलांतर करणारे कुटुंब मधल्याच दिवसांत वीटभट्टीवर गेले तर उरलेल्या गोळ्यांचे काय होते? या प्रश्नांना प्रयोगशाळा लागत नाही. वही, चिकाटी आणि नोंदी पाहू देण्याची परवानगी एवढे पुरते. सहा महिन्यांच्या विद्यार्थीप्रकल्पाला याहून अनुरूप विषय तो कोणता?

ऐकले न गेलेले ज्ञान

संशोधन करणे आणि ते योग्य कानी पडणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा एक बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. सर्पगंधा या वनस्पतीने वाढलेला रक्तदाब उतरतो हे कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहून प्रसिद्ध केले होते. ते देशाबाहेरच्या वैद्यकविश्वाच्या फारसे गणतीत आले नाही. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. ती वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी हे औषध हाती घेतले, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि रक्तदाबाच्या उपचाराला नवी दिशा मिळाली. १९३१ ते १९४९ ही अठरा वर्षे ते ज्ञान छापलेल्या स्वरूपात उपलब्ध होते. परंतु ज्यांनी ते उचलावयाचे त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

दुसरे उदाहरण कोकणातलेच. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे कशी दगावतात हे खाटेशी बसून टिपले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन या दंशावर गुणकारी ठरते हे त्यांनी दाखवून दिले. विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे कितीतरी खाली आले. तालुक्याच्या गावी, तुटपुंज्या साधनांनी केलेले निरीक्षण जगाच्या उपयोगी पडू शकते हे यावरून दिसते. मात्र प्रत्येक तालुक्याला बावस्करांसारखी जिद्द असलेला माणूस लाभेल या भरवशावर व्यवस्था चालत नसते. साधारण बुद्धीच्या, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाचे निरीक्षणही वाया जाऊ नये, यासाठीच संस्था उभारावयाच्या असतात.

बाजाराला न परवडणारी वस्तू

अर्थशास्त्राचा शिक्षक या विषयात का पडतो, असे कुणी विचारील. कारण असे, की औषधाच्या परिणामाविषयीची माहिती ही अर्थशास्त्रातल्या सार्वजनिक वस्तूसारखी आहे. ती मिळविण्याचा खर्च एकाला सोसावा लागतो आणि लाभ सर्वांना होतो. म्हणून केवळ बाजारावर सोडली तर ती पुरेशी निर्माण होत नाही. त्यातही एक अधिक खोल अडचण आहे. औषध चांगले आहे हे सांगण्यात विक्रेत्याचा फायदा असतो, म्हणून ती माहिती पैसे खर्चून आपल्या दारी येते. महाग गोळी स्वस्त गोळीहून सरस नाही, अमुक मिश्रणाची गरजच नाही, तमुक प्रतिजैविक विनाकारण लिहिले जाते, ही माहिती कुणाच्याच फायद्याची नसते. लाभ असलाच तर तो रोग्याचा आणि सरकारी तिजोरीचा. अशी माहिती गोळा करील असा माणूस रुग्णालयात कोण? डॉक्टरला सवड नाही, परिचारिकेला उसंत नाही. प्रशिक्षणार्थी औषधतज्ज्ञ हा जवळजवळ एकटाच असा आहे की, ज्याला यासाठीच तेथे ठेवलेले असते आणि ज्याचा कुठल्याही गोळीच्या खपात वाटा नसतो.

ही माहिती वेळेवर न मिळाल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल पोटात गेल्याने चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणात खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या अनेक कड्या कशा किडल्या होत्या ते उघड केले. तेच विष २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले आणि वीसहून अधिक बालके मृत्यू पावली. जानेवारी २०२३ मध्ये बहात्तरावी इंडियन फार्मास्युटिकल काँग्रेस नागपुरात भरली होती. त्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयात सिप्रोफ्लॉक्सासिन म्हणून आलेल्या गोळ्यांत ते औषधच नसल्याचे तपासणीत निघाले. प्रशिक्षणार्थी असते तर हे सारे टळले असते, असा दावा कुणी करू नये. परंतु औषध देऊनही रोगी का सुधारत नाही, अथवा एकाच वॉर्डात मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार अचानक का वाढले, हे पहिल्यांदा लक्षात येते ते खाटेशीच. तेथे नोंदणारा माणूस हवा, आणि त्याचे म्हणणे वरपर्यंत नेणारी वाटही हवी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय पातळीवर कार्यक्रम चालू आहे आणि त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. मात्र गाझियाबादच्या तक्त्यात एका आकड्याची भर पडणे आणि पालघरच्या शल्यचिकित्सकाला आपल्या रुग्णालयातील गोष्ट कळणे या दोन भिन्न बाबी आहेत.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचाराला काही आक्षेप घेतले जातील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा, की विद्यार्थ्यांचे हे प्रकल्प कच्चे असतात. पाहणीत घेतलेले रोगी थोडे, पद्धत ढिली, निष्कर्ष आधी ठरविलेले. यात तथ्य आहे. पण कच्चे काम कपाटात ठेवल्याने पिकत नाही. आपल्या मार्गदर्शकाशी ज्याचा काही संबंध नाही अशा जाणत्या माणसाने पाच मिनिटे उलटतपासणी घेतली, की कामातील पोकळपणा सर्वांआधी काम करणाऱ्यालाच कळतो. पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्याने सुधारतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परिषदा हा आता प्रमाणपत्रांचा बाजार झाला आहे, असे म्हटले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधवाचनाला गुण ठेवले आणि महाविद्यालयोमहाविद्यालयी परिसंवादांचे अमाप पीक आले, हे आम्ही शिक्षकांनी जवळून पाहिले आहे. वाचणारे पुष्कळ आणि ऐकणारे कुणीच नाही, असे ते दृश्य होते. त्या अनुभवाचा धडा स्पष्ट आहे: केवळ मांडण्याला मोबदला दिला की मांडण्याची संख्या वाढते, ज्ञान वाढत नाही. शिवाय नोंदणीशुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा भार विद्यार्थ्यावर पडला, की कुणाचे काम ऐकले जावे हे कामाच्या गुणावर न ठरता घरच्या ऐपतीवर ठरते.

तिसरी अडचण आश्रयदात्यांची. औषध कंपन्यांच्या पैशाने भरलेल्या परिषदेत, त्यांचेच महागडे औषध अनाठायी लिहिले जाते असे सांगणाऱ्या मुलीला व्यासपीठ मिळेल काय? तिला कुणी थेट नकार देणार नाही. पण तिचे भित्तिपत्रक कोपऱ्यात लावता येते आणि तिची वेळ भोजनोत्तर ठेवता येते.

अमेरिकेतील प्रथा येथे पाहण्याजोगी आहे. तेथे रुग्णालयीन औषधतज्ज्ञांच्या प्रशिक्षणाची सुरुवात १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी केली. आज तेथील निवासी प्रशिक्षणार्थीला वर्षभरात एक प्रकल्प हाती घेऊन तो मांडावा लागतो, आणि त्यासाठी प्रादेशिक परिषदा भरतात. बोलण्यास थोडकी मिनिटे मिळतात आणि लगेच प्रश्न होतात. मुख्य म्हणजे प्रकल्पाचा विषय बहुधा त्याच रुग्णालयाच्या अडचणीतून आलेला असतो. बाहेर काय मांडले यापेक्षा, घरी परतल्यावर रुग्णालयाने आपल्या रीतीत काय बदल केला, याला तेथे महत्त्व येते. त्या देशाची साधने आपल्याजवळ नाहीत हे खरे. पण प्रश्न घरचा घ्यावा आणि उत्तर घरी न्यावे या रीतीला पैसा लागत नाही.

कोळगावात एक दिवस

म्हणून सूचना अशी. पालघर जिल्ह्यातील रुग्णालयांत, अथवा जिल्ह्यातील रोग्यांविषयी, ज्या प्रशिक्षणार्थींनी वर्षभरात काम केले असेल त्यांची एक दिवसाची सभा दरवर्षी कोळगावला, जिल्हा मुख्यालयातच भरवावी. पंचतारांकित हॉटेल नको, स्मृतिचिन्हे नकोत, नोंदणीशुल्क नको. प्रत्येकाला दहा मिनिटे बोलण्यास आणि पाच मिनिटे प्रश्नांस द्यावीत. निवड करणाऱ्यांत औषध कंपनीशी आर्थिक संबंध असलेला कुणी नसावा. तारापूरच्या कारखान्यांतील गुणवत्ता-नियंत्रणाच्या अधिकाऱ्यांनी मात्र श्रोते म्हणून अवश्य यावे; आपल्या पिंपातून निघालेल्या द्रव्याची गोळी होऊन ती रोग्यापर्यंत गेल्यावर काय होते, हे ऐकण्याचा योग त्यांना एरवी येत नाही.

समोरच्या रांगेत जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचा प्रतिनिधी आणि आरोग्य केंद्रांतील औषध निर्माण अधिकारी बसावेत. इंग्रजी निबंधाबरोबर प्रत्येकाने एका पानाचा मराठी गोषवारा द्यावा, म्हणजे परिचारिका आणि आशा कार्यकर्ती यांनाही तो वाचता येईल. ज्यांच्या अभ्यासातून काहीच निष्पन्न झाले नाही त्यांनाही बोलावावे. अमुक उपायाने फरक पडला नाही ही माहितीही पुढच्याचे सहा महिने वाचविते. एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. पाड्याचे नाव आणि आजाराचे नाव एकत्र आले की छोट्या वस्तीत माणूस ओळखू येतो. तेव्हा गावाचा उल्लेख टाळावा.

आणि या सभेचा मुख्य नियम असा असावा: जिल्ह्याच्या औषधव्यवस्थेविषयी जी सूचना त्या दिवशी मांडली जाईल, तिला संबंधित अधिकाऱ्याने सहा महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यावे. सूचना मान्य असेल तर अंमल केव्हा, मान्य नसेल तर का नाही, आणि आपल्या अधिकारात नसेल तर ती कुणाकडे पाठविली, एवढेच. शासनाच्या औषधखरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण झाले आहे. खरेदीविषयक सूचना तेथे जाव्यात. पुढच्या वर्षीची सभा ही उत्तरे वाचूनच सुरू व्हावी. ‘अमान्य’ असे सकारण उत्तर मिळाले तरी त्या विद्यार्थ्याला आपले म्हणणे कुणी वाचले हे कळेल. आजच्या मौनापेक्षा ते शतपटीने बरे.

याने अधिकाऱ्यांवर कामाचा बोजा वाढेल, असे म्हटले जाईल. वाढेल, पण फार नाही. वर्षाकाठी वीस-पंचवीस सूचनांना उत्तरे देण्याचा हा प्रश्न आहे. उलट बाजूचा हिशेबही करून पाहावा. सहा वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या या तरुणांसाठी आपल्या सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र पदे जवळजवळ नाहीत. फार्मसी व्यवसायाच्या नियमांत क्लिनिकल फार्मासिस्टचा उल्लेख आला तरी कागदावरचे नाव पगारपत्रकावर उतरायला वेळ लागतो. पद निर्माण करा अशी मागणी करावयाची, तर त्या पदाने काय साधते हे दाखवावे लागते. कोळगावच्या सभेत मांडलेली आणि मान्य झालेली दहा कामे ही मागणी कुठल्याही निवेदनापेक्षा जोरकसपणे करतील. नाहीतर हे तरुण दुकानाच्या गल्ल्यावर, कंपनीच्या माहितीकक्षात किंवा परदेशात जातील, आणि त्यांना घडविण्यासाठी समाजाने केलेल्या खर्चाचे फळ दुसरेच कुणी घेतील.

कोळगावच्या नव्या इमारतींत सभागृह आहे, अधिकारी आहेत, आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांची कागदपत्रे तेथे येतात. यंदाच्या प्रशिक्षणार्थींचे वर्ष संपण्यापूर्वी त्यांच्यासाठी तेथे एक दिवस राखून ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांच्या एका पत्राने साधण्यासारखे आहे. ते पत्र निघावे.